मुठीवरचं डांबर

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला चकाकी हवी असते. कुवेतमधल्या राई भागात, गाड्यांच्या शोरूमच्या मागच्या गल्लीत आमची कार्यशाळा आहे. लोकांच्या जपून ठेवायच्या वस्तूंसाठी आम्ही काचेच्या पेट्या करतो, आणि त्यातलं लाकूडकाम माझ्याकडे येतं. कुणाची जुनी संदूक, कुणाच्या आजोबांची काठी, मोती काढणाऱ्यांच्या होडीची प्रतिकृती. माणूस वस्तू टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, अगदी नव्यासारखी करून द्या. मग मी विचारते, मग नवीच का घेत नाही? मालक म्हणतात, गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. त्यांचं बरोबर आहे. पण माझी जीभ आईवर गेली आहे आणि आईची तिच्या आईवर, त्याला मी काय करणार?

गेल्या उन्हाळ्यात एक कुवेती गृहस्थ आले, साठी ओलांडलेले, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेले. त्यांनी काखेत एक टॉवेलचं गुंडाळं धरलं होतं. टेबलावर ठेवून त्यांनी ते जपून उलगडलं. आत बेसबॉलची बॅट होती. आपल्या बॅटीसारखी चपटी नव्हे, गोल, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळती. मुसळच म्हणा ना. जाड भागावर चेंडूचे पांढरट वळ उमटले होते, एका बाजूला लाकडाचे पापुद्रे निघाले होते, आणि मुठीचा सगळा भाग काळा, जाड, मळकट दिसत होता.

"हे काढायचं नाही," मी बोलायच्या आधीच त्यांनी मला बजावलं. माझ्या नजरेत काय आलं असेल कोण जाणे.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते अमेरिकेत शिकत होते. त्यांच्या खोलीत राहणारा मुलगा एका छोट्या गावाच्या संघातून खेळायचा. मोठा खेळाडू वगैरे कधी झाला नाही. निरोपाच्या दिवशी विमानतळावर त्याने स्वतःची वापरातली बॅट यांच्या हातात दिली. तो मित्र मागच्या हिवाळ्यात वारला, आणि आता त्याचा मुलगा कुवेतला येणार होता, मुद्दाम यांना भेटायला. बाप खेळायचा तेव्हा हा मुलगा जन्मलाही नव्हता.

बॅट हातातून निसटू नये म्हणून हे खेळाडू मुठीला पाइनच्या झाडाचं डांबर चोळतात. या मित्राने प्रत्येक सामन्यात चोळलं होतं. थरावर थर चढले, त्यात घाम आणि माती मुरली, आणि हात नेहमी त्याच जागी पडल्यामुळे त्या थरात दोन तळव्यांचे ठसे तयार झाले. एक खालच्या हाताचा, एक वरच्या हाताचा, बोटांच्या खाचांसकट. गृहस्थांनी आपले हात त्या ठशांच्या वर, हवेतच धरून दाखवले. टेकवले नाहीत.

"तो आला की मी त्याला सांगणार आहे, इथे हात ठेव," ते म्हणाले. "हा तुझ्या वडिलांचा हात."

अडचण आमच्या हवेची होती. कुवेतच्या उन्हाळ्यात ते डांबर मऊ पडायचं. टॉवेलचे धागे चिकटायचे, दर हाताळणीला थोडं थोडं निघून जायचं. त्यावर एखादं पारदर्शक फिनिश चढवता येईल का, म्हणजे ठसे पक्के होतील आणि त्या मुलाला निर्धास्तपणे हात लावता येईल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, आठवडा द्या. जमणार नसेल तर स्पष्ट नाही म्हणेन.

"तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"नाही लावणार," मी म्हटलं.

तो आठवडा मी झटले. त्याच जातीच्या लाकडाचा एक दांडा घेतला. घोड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात खुरांना लावायचं पाइनचं डांबर मिळतं, त्याचा एक डबा आणला. दांड्याला डांबर चोळून त्यावर एकेक फिनिश करून पाहिलं. लाखेच्या पॉलिशमधल्या स्पिरिटने डांबरच विरघळवलं, सगळा चिखल झाला. लॅकरने तर त्याहून वाट लावली. पाण्यातलं फिनिश तेलकट ताटावर पाणी सांडावं तसं थेंबाथेंबाने गोळा झालं. एक प्लास्टिकसारखं फिनिश टिकलं खरं, पण त्याने खाचा भरून काढल्या आणि वर असा झगमगाट आणला की हात लावावासाच वाटेना. मेणाचा तर विचारही नको, ते डांबराच्या आधीच वितळलं. संध्याकाळी घरी जाऊन मी चिडचिड करायची, आणि जेवताना आबा मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

आबा म्हणजे माझे वडील. दोन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. मिरजेजवळच्या एका गावात ते हायस्कूलला खेळाचे मास्तर होते. शाळेकडे क्रिकेटच्या मोजक्या बॅटी, आणि त्या आबांच्या जिवापाड जपणुकीवर कित्येक वर्षं चालल्या. हंगामाच्या आधी मुठीवरचं जुनं रबरी ग्रिप ओढून काढायचं, खाली राहिलेला काळा गोंद टर्पेंटाइनने पुसून नवं ग्रिप चढवायचं, मग फळीला जवसाचं तेल. "तेल लावायचं नसतं, पाजायचं असतं," असं ते म्हणायचे. मग मोज्यात घातलेल्या जुन्या चेंडूने ठोकत बसायचे. आमच्या अंगणात दिवाळीपर्यंत हाच आवाज.

अंपायर म्हणून तालुक्यात त्यांचा दरारा होता. झेल घेताना त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी एकदा मोडली होती आणि ती वाकडीच जुळली. आउट देताना ते तीच वर करायचे. पोरं म्हणायची, सरळ बोटाने तूप निघत नाही आणि मास्तरांच्या वाकड्या बोटापुढे टिकाव लागत नाही. एकदा मुलींच्या आंतरशालेय सामन्यात मी बॅटिंग करत होते. चेंडू बॅटीला निसटता लागला असेल, नसेल. मागच्या मुलीने झेल घेतला, अपीलसुद्धा धड केलं नाही. आबांनी बोट वर केलं. मी तिथेच उभी राहिले. बाप आहे, बघेल माझ्याकडे, असं मला वाटलं. त्यांनी बघितलं, पण बोट खाली केलं नाही. मी मैदानाबाहेर पडेपर्यंत ते वाकडं बोट वरच होतं. अंपायरने बॅट्समन जाईपर्यंत बोट उतरवायचं नसतं, हा त्यांचा नियम. आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मी आजही तो सामना विसरलेले नाही, आणि खरं सांगायचं तर लोकांना अभिमानानेच सांगते.

असा माणूस आमच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये कोंडून पडला होता. समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर, पण सूर्य बुडेपर्यंत बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्या घट्ट केल्या. एसीच्या जाळ्या धुतल्या. माझ्या नवऱ्याच्या बुटांचे तळ चिकटवले. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते खिडकीशी बसून खाली उभ्या गाड्या बघू लागले.

बुधवारी कार्यशाळेचा एसी बंद पडला. आमचं छप्पर पत्र्याचं. दुपारपर्यंत नमुन्याच्या दांड्यावरचं डांबर ओघळायला लागलं. मेकॅनिक म्हणाला, शनिवारी येतो. ती बॅट तिथे ठेवणं म्हणजे तव्यावर लोणी ठेवणं. मालकांना विचारून मी ती घरी नेली, माझ्या औजारांच्या पिशवीसकट. घरात सगळ्यात गार खोली आबांची होती. मी बॅट त्यांच्या कपाटावर ठेवली.

"आबा, याला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"मी काय लहान आहे?" ते म्हणाले.

हे मी माझ्या नेहमीच्या सुरात म्हटलं होतं. त्या सुरात मी दिवसभर शंभर गोष्टी म्हणते, दिवे बंद करा, गॅस बघा, दार लावून घ्या. त्यामुळे घरातलं कुणी तो सूर मनावर घेत नाही.

गुरुवारी उकाड्यात काम उरकून घरी आले. लिफ्टचं दार उघडलं आणि टर्पेंटाइनचा वास आला. आमच्या मजल्यावर तो वास असण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. किल्ली कुलपात जाईना.

आत हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती. आबा मांडी घालून बसले होते आणि ती बॅट त्यांच्या मांडीवर आडवी होती. उजव्या हातात चिंधी, काळीकुट्ट. शेजारी आमच्या जेवणाची एक वाटी, आणि तिच्यात माझ्या पिशवीतलं जवसाचं तेल ओतलेलं. मला बघून ते हसले. कित्येक दिवसांनी असे हसले होते.

"आलीस? हे बघ, जुन्या ग्रिपचा गोंद काढायला घेतलाय. कुणीतरी रबर ओढून काढलं आणि चिकटा तसाच ठेवला. याच्यावर नवं ग्रिप बसलंच नसतं. आता तेल पाजतो, रात्रभर मुरू दे."

"ठेवा!" मी ओरडले. "ठेवा ती खाली! आत्ता!"

चटका बसल्यासारखी त्यांनी बॅट खाली ठेवली. मी गुडघ्यावर बसून ती उचलली. खालच्या गोल टोकापासून वर, एका तळव्याच्या रुंदीइतकं लाकूड स्वच्छ झालं होतं. पिवळसर, कोरडं. खालचा हात गेला होता. चार बोटांच्या खाचा, अंगठ्याचा खड्डा, सगळं त्या चिंधीत होतं. वरचा हात मात्र शाबूत होता. आबा तिथे पोचणारच होते, चिंधीची घडी बदलायला थांबले होते तेवढ्यात मी आले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. तुम्हाला सांगितलेलं कळत नाही का, असं म्हटलं. ही तुमच्या शाळेची बॅट आहे का, असं म्हटलं. एक काम करायला जाता आणि दहा कामं वाढवून ठेवता, असंही म्हटलं, जे खोटं होतं. आबांनी मान खाली घातली होती. मी दमले तेव्हा ते हळूच बोलले.

"रोज त्या लाकडाशी झटतेस. घरी येऊन नीट जेवत नाहीस. म्हटलं, हे तर मला येतं. तेवढाच तुझा भार हलका होईल."

माझा राग गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बेसबॉलच्या बॅटीला ग्रिप नसतं, तो गोंद नव्हता, ते कुणाच्या हाताचे ठसे होते आणि ते कुणाला दाखवायचे होते. आबा ऐकत होते. त्यांच्या हातात अजून ती चिंधी होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या पोराच्या बापाचा हात मी पुसला?"

त्या रात्री ते जेवले नाहीत.

नवरा मिरकाबच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. त्याचा स्वभाव शांत, त्यामुळे तो सल्लाही शांतपणे देतो. "डांबराचा डबा आहे ना तुझ्याकडे? मग लाव की परत. काळं ते काळं." मी त्याच्या अंगावर खेकसले. पण खरं म्हणजे तो बोलायच्या आधीच माझ्या मनात तेच आलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? सामान होतं, हात होता, आणि गृहस्थ यायचे होते त्या शनिवार संध्याकाळपर्यंत वेळही होता.

शुक्रवारी सुट्टी. नवरा सकाळी भाजीला गेला. मी जेवणाच्या टेबलावर चादर घातली, बॅट शिकंज्यात आडवी बसवली, डांबराचा डबा गरम पाण्यात ठेवला. आबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले.

जुन्या डांबराच्या कडेपासून जरासं अंतर सोडून मी पहिला थर दिला. हेअर ड्रायरने गरम केला, मग एसीच्या झोतासमोर गार केला. पुन्हा थर. खिडकीच्या खाचेत इथली बारीक धूळ कायम साठलेली असते, ती चिमटीने घेऊन भुरभुरली, चोळली. पुन्हा थर. हात सरावाने चालत होते आणि मी स्वतःकडे बघायचं टाळत होते. तासाभरात रंग जुळला. आता मी सोडून कुणी फरक सांगू शकलं नसतं. मला वाटत होती ती भीती की कौतुक, ते मलाच ठरवता येईना.

उरला होता ठसा. मी तळव्याला साबणाचं पाणी लावलं, म्हणजे चिकटणार नाही, आणि मूठ धरून पाहिली. वरच्या ठशाशी ताडून पाहिलं. माझी बोटं निम्म्यातच संपत होती. गृहस्थांचा मित्र रांगडा, मोठ्या हाताचा माणूस होता.

"तुझा हात लहान आहे," आबा म्हणाले. "सरक. मी धरतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठून आले होते आणि बाही मागे सारत होते. मी नको म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांच्या तळव्याला साबणाचं पाणी लावलं. खेळाच्या मास्तरांचा हात, सत्तरी ओलांडली तरी रुंद आणि घट्ट. त्यांनी मूठ पकडली आणि डोळे मिटून दाबून धरली. मग त्यांनी एकेक बोट सुटं केलं आणि हात उचलला.

ठसा हुबेहूब उमटला होता. चार खाचा, अंगठ्याचा खड्डा, जणू तिथे तो कायमचाच होता.

"झालं की!" आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "अगदी होतं तसं झालं. आता कुणाला कळतंय? तू फक्त बोलू नकोस म्हणजे झालं."

हे आबा म्हणाले. निसटत्या चेंडूवर पोटच्या पोरीला घरी पाठवणारे आबा. मला रडूच आलं, पण मी रडले नाही, कारण मला एक गोष्ट दिसली होती. सगळ्यात वरची खाच सरळ नव्हती. मध्येच किंचित वळून गेली होती. तर्जनीची खाच. ते बोट मी कुठेही ओळखलं असतं.

आणि मला तो मुलगा दिसला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. तो या खाचेत आपलं बोट घालणार. त्याला वाटणार, बाबांचं बोट वाकडं होतं, मला कधी कुणी सांगितलं नाही. घरी जाऊन तो आपल्या पोरांना हेच सांगणार. आयुष्यभर तो माझ्या बापाचा हात धरून बसणार आणि त्याला आपला बाप समजणार. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. हे त्याच्या पलीकडचं होतं.

मी टर्पेंटाइनची बाटली उघडली.

"काय करतेस?" आबांनी माझं मनगट पकडलं. "राहू दे गं. चांगलं झालंय."

"आबा, सोडा."

"तुझी नोकरी जाईल. नोकरी गेली की इथे राहायचा कागद जातो, तूच सांगतेस ना? माझ्यापायी पोरीचा संसार उठायला नको. मी म्हातारा माणूस, उद्या परत जाणार. राहू दे."

"आबा, हात सोडा माझा."

त्यांची पकड अजूनही घट्ट होती. आम्ही टेबलापाशी तसेच उभे राहिलो, बाप आणि लेक, एका लाकडावर ओणवे. बाहेर मशिदीतून जुम्म्याच्या नमाजाआधीचं प्रवचन ऐकू येत होतं. मी त्यांचं बोट बॅटीवरच्या त्या वाकड्या खाचेत नेऊन टेकवलं. काही समजावून सांगितलं नाही. त्यांनी खाचेकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. हळूहळू माझं मनगट सुटलं.

मी पुसायला सुरुवात केली. नवं डांबर होतं, चटकन निघालं. सगळ्यात शेवटी ती खाच राहिली आणि मग तीही गेली. आबांनी खिडकीकडे तोंड केलं होतं.

शनिवारी दुपारी मेकॅनिकने कार्यशाळेचा एसी चालू केला. मालकांना मी सकाळीच फोनवर सगळं सांगून मोकळी झाले होते. ते म्हणाले, "घरी तू नेलीस. आता त्यांना तूच सांग. ते काय म्हणतात त्यावर आपण बोलू." मी निघाले तेव्हा आबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. मी म्हटलं, तुम्ही घरी थांबा. ते सरळ लिफ्टमध्ये शिरले.

संध्याकाळी गृहस्थ आले. आबा भिंतीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. हे माझे वडील, एवढीच ओळख करून देऊन मी बॅट टेबलावर ठेवली आणि वरचं कापड काढण्याआधीच सांगायला लागले, कारण मध्ये थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं. कुठलंही फिनिश त्यावर चालणार नाही हे सांगितलं. घरी का नेली ते सांगितलं. खालचा हात पुसला गेला हे सांगितलं, कसा आणि का तेही. मग मी खोटा हात केला होता आणि पुसून टाकला, हेसुद्धा सांगितलं. ते न सांगता चाललं असतं. पण एकदा उघडलेलं अर्धं कशाला झाका?

त्यांनी कापड काढलं. बॅट उचलली नाही, वाकून पाहिली. त्या उघड्या लाकडावरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. त्यांच्या जबड्याची शीर उडत होती. मला वाटलं, ओरडतील तर बरं होईल.

"मी म्हटलं होतं, तुमच्याशिवाय कुणी नाही."

"हो."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हो."

त्यांनी मान वळवून आबांकडे पाहिलं. त्यांच्या पिढीतले पुष्कळ कुवेती मोडकंतोडकं हिंदी बोलतात. "क्यूँ किया, मास्टरजी?" त्यांनी विचारलं. मी वडील शिक्षक होते असं बोलताना म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात राहिलं असावं.

आबा उठून उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. हिंदी त्यांना येतं, रेडिओवरच्या समालोचनाने शिकवलेलं, चांगलं येतं. पण एक शब्द बाहेर येईना. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी उजवा हात उचलला आणि तर्जनी वर केली. मैदानावर करायचे तशीच, खांद्याच्या वर, सावकाश. समोर दुसरा कुणी बॅट्समन नव्हता. ते स्वतःलाच आउट देत होते.

"हे काय?" गृहस्थांनी मला विचारलं.

"ते अंपायर होते," मी म्हटलं. एवढंच बोलता आलं.

गृहस्थ त्या बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या बेसबॉलमध्ये आउट देताना मूठ वळतात." आणि आपली मूठ हलकेच वळून दाखवली.

त्यांनी बॅट उचलली. पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांनी ती खरोखर धरली. डावा हात वरच्या ठशात बसवला, उजवा खाली, उघड्या लाकडावर. तसे ते काही वेळ उभे राहिले.

"एक हात आहे अजून," ते म्हणाले. "दुसऱ्याचं काय झालं ते मी त्याला सांगेन. जसं झालं तसं." त्यांचा आवाज मऊ झालेला नव्हता. ते रागावलेलेच होते आणि तो राग त्यांचा हक्काचा होता. "फिनिश नको. काहीच लावू नका. आत गार राहील अशी पेटी करा. बॅट मी घरी नेतो, मापं आत्ताच घ्या."

म्हणजे काम माझ्याकडेच राहिलं होतं, बॅट मात्र नाही. मी मापं घेतली. पट्टी दोनदा घसरली. त्यांनी बॅट टॉवेलमध्ये गुंडाळली, आबांकडे बघून मान किंचित झुकवली, आणि ते बाहेर पडले. काचेपलीकडे त्यांच्या गाडीचे दिवे लागले.

मी वळले. आबांचं बोट अजून वरच होतं. खांदा दुखायला लागला असणार, हात लटपटत होता, पण ते खाली करेनात. तेव्हा मला त्यांचा नियम आठवला. बॅट्समन मैदानातून जाईपर्यंत बोट उतरवायचं नाही, आणि तो तर इथेच उभा होता.

मी जवळ गेले, ते वाकडं बोट माझ्या मुठीत धरलं आणि खाली केलं. बाहेर गाडीपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो.